भोकं पडलेला पालक : माझ्याच मेसेजचा खुलासा

"किडीने खाल्लेली पालेभाजी विषमुक्त, रुळांकाठची असली तरी बिनधास्त घ्या" हा मेसेज परवा मीच आपल्या कुर्ल्याच्या सोसायटी ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. भोकांवरून फार तर कीटकनाशक कमी मारलंय एवढा अंदाज येतो, तोही कच्चाच. रुळांकाठच्या भाजीत भीती आहे ती विषारी जड धातूंची, आणि ते भोकांवरून कळत नाहीत. त्यातलं कॅडमियम मातीतून मुळांवाटे पानांत चढतं. मावा ही बारीक कीड पानांतला रस शोषते, मावा खाणाऱ्या ढालकिड्यापर्यंतही ते पोचतं, आणि किडे मरतातच असं नाही. शिसं बहुतेक मुळांशीच अडतं. धुळीतून पानांवर बसलेलं धुतल्यावर बरंच जातं. पानात मुरलेलं कॅडमियम मात्र कितीही धुवा, राहतंच. पालेभाजीत त्याची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम, ती डोळ्यांनी कशी दिसणार? कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हाही टाका.