हृदयाला स्वतःचं रक्त कुठून मिळतं?
हृदयाच्या रचनेवरच्या तुमच्या लेखात त्याचे चार कप्पे आणि झडपा छान समजावल्यात, पण हृदयाच्या स्नायूला रक्त कुठून मिळतं ते राहिलंच. आतून मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त जातं, तरी डाव्या जवनिकेची (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची) जाड भिंत त्यावर जगत नाही. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, सुरू होते तिथेच दोन कोरोनरी धमन्या (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या) निघतात. त्यांतलं रक्त या भिंतीत मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हाच शिरतं. ठोके वाढले की ही उसंतच कमी होते.

याचा अनुभव आम्हाला घरीच आला. साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ चढताना वडिलांच्या छातीवर दाब यायचा, थांबलं की जायचा. आम्ही वर्षभर पित्तच समजत होतो! अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या एक्स-रे तपासणीत) डावी कोरोनरी धमनी अरुंद निघाली. एवढा भाग लेखात जरूर घाला.