स्थळासाठी लपवलंत, डॉक्टरांना तरी सांगा

'ह्याला ठाण्याला न्या' हे चिडवणं आपण सगळ्यांनीच ऐकलंय. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे आणि त्या नावाच्या धास्तीने घरातला आजार दडवायची सवयही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. स्थळ बघताना तर हमखास. 'आमच्याकडे असलं काही नाही.' नैराश्याच्या उपचारात या वाक्याने फार नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३७ टक्के धरतात. म्हणजे तुम्हाला नैराश्य येण्याची शक्यता ३७ टक्के, असं नव्हे. कोणाला ते होतं, कोणाला होत नाही, या फरकातला तेवढा भाग जनुकांमुळे असतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला नैराश्य असेल तर धोका दोन ते तीन पट होतो, तरीही अनेकांना ते कधीच होत नाही. नैराश्याचं असं एकच जनुक नाही, शेकडो बारीक फरक थोडा थोडा भार टाकतात. २००३ मध्ये सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी निगडित एका जनुकाचा नैराश्याशी संबंध असल्याचा बराच गाजावाजा झाला, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. म्हणून थुंकीच्या नमुन्यावरून नैराश्याचं भाकीत सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. त्यापेक्षा एक कोरा कागद घ्या.

त्यावर आजी-आजोबांपासून तीन पिढ्या लिहा, आईकडच्या आणि वडिलांकडच्या. प्रत्येकापुढे त्रास कितव्या वर्षी सुरू झाला, किती महिने चालला, कोणत्या गोळीने उतार पडला, दारू होती का, कोणी जीव दिला का. घरातल्या मोठ्यांना 'डिप्रेशन होतं का' विचाराल तर नाहीच म्हणतील. 'काकांनी कामावर जायचं का सोडलं होतं? बाळंतपणानंतर आत्या बाळाला जवळ का घेत नव्हती?' असं विचारा. मग 'अगं, तिला बाहेरचं झालं होतं', 'तो खचलाच होता गं' अशी उत्तरं येतात. येतील तशी उतरवून घ्या, अर्थ डॉक्टर लावतील.

एक प्रश्न मात्र विसरू नका. दोन-तीन तास झोपूनही दिवसेंदिवस ताजातवाना, अखंड बडबड, वारेमाप खर्च असं घरात कोणाचं झालं होतं का? तो बायपोलर, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी नैराश्यात जाणारा आजार असू शकतो आणि त्यात आनुवंशिकता नैराश्यापेक्षा बरीच जास्त असते. अशा घरातल्या माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन उलट्या टोकाला, उन्मादाकडे जाऊ शकतं. हे आधी कळलं तर डॉक्टर औषध वेगळं निवडतात किंवा जास्त बारीक लक्ष ठेवतात. स्थळासाठी लपवलेला मामा इथे महागात पडतो.

कागदाच्या मागे परिस्थिती लिहा: लहानपणीची मारहाण किंवा अत्याचार, जवळच्याचा मृत्यू, गेलेली नोकरी, कर्ज, अंथरुणाला खिळलेल्याची वर्षानुवर्षं सेवा. महापे-ऐरोलीत रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपेच्या खऱ्या वेळा लिहाव्यात. सारखाच धक्का बसला तरी एक भाऊ सावरतो, दुसरा आडवा पडतो, याचं एक कारण म्हणजे दोघांच्या वाट्याला आलेली जनुकं सारखी नसतात. 'ताण सगळ्यांनाच असतो, तुलाच काय झालं?' हे म्हणूनच चुकीचं आहे, आणि क्रूरही. उदासीमागे शरीरातलं कारणही असू शकतं, म्हणून थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून घ्या. स्टिरॉइड चालू असेल तर तेही सांगा.

उदासी किंवा कशातच मन न लागणं दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ राहिलं तर कागद घेऊन जा. गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात येते, आणि तिथेच लोक औषध सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी लागते. ती कमी करायची तीही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

मरणाचे विचार येत असतील तर कागदबिगद नंतर. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्र असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.