माझ्या आईला झालं होतं

आज दुपारी कर्वे रोडवरच्या एका कार्यालयात भाच्याचा साखरपुडा होता. जेवणं झाल्यावर वरच्या खोलीत साडी बदलत होते, तेवढ्यात चुलत नणंदेला माझ्या कमरेखाली चिकटवलेला पॅच दिसला. "कंबर धरलीये का गं?" मी खरं ते सांगितलं. हार्मोनचा आहे, पाळी गेल्यापासून झोप उडाली होती म्हणून लावते. खोलीत सात-आठ जणी होत्या. क्षणभर कुणी बोललं नाही, मग सगळ्याच बोलायला लागल्या. कॅन्सर होतो त्याने. निसर्गाच्या विरुद्ध कशाला जायचं. शेवटी मोठ्या जाऊबाई गजरा सारखा करत म्हणाल्या, "आमच्या आयांना कुठे काय झालं होतं? त्यांनी लावले का असले पॅच?"

मी गप्प बसले, कारण कोपऱ्यातल्या खुर्चीत माझी आई बसली होती. आता रात्रीचे अकरा वाजलेत आणि गप्प बसवत नाही.

माझ्या आईला झालं होतं. 1993 सालचा जानेवारी, नारायण पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या. आई मध्यरात्री उठायची आणि स्वयंपाकघरात जाऊन उघड्या शहाबादीवर आडवी व्हायची. चटई नाही, पांघरूण नाही. आम्हा भावंडांना वाटायचं, आईबाबांचं काहीतरी बिनसलंय. बाबांना वाटायचं, ही आपल्यावर रुसलीये. ते बिचारे न सांगता सोनचाफ्याची फुलं आणून ओट्यावर ठेवायचे. आजी म्हणायची, या वयात बायका तिरसट होतात. डॉक्टरकडे न्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, लहान नव्हते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये रात्री अडीच वाजता मीच आमच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर पडले होते. गाऊन भिजलेला, छातीत धडधड, मानेपासून कपाळापर्यंत आग. गाल फरशीला टेकला आणि मला एकदम आई दिसली. ती रुसलेली नव्हती. तिच्या अंगाची लाही होत होती.

म्हणून "आमच्या आयांना काही झालं नाही" हे वाक्य मला सहन होत नाही. झालं होतं. कुणी विचारलं नव्हतं.

मी ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी मान वर न करता सांगितलं, वयच आहे हे, योगासनं करा, मन रमवा. सहा महिने मी प्राणायाम करत होते आणि रात्री तीन-तीनदा गाऊन बदलत होते. ऑफिसात आकडे दोनदा तपासूनही चुकायचे. घरात कुणी "चहा?" म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर, कुणाला रक्तात गुठळ्या, सगळं विचारलं. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बीपी. मग इस्ट्रोजेन या हार्मोनचा पन्नास मायक्रोग्रॅमचा पॅच दिला, सोमवारी आणि गुरुवारी बदलायचा, दर वेळी जागा बदलून, पोटावर नाहीतर कुल्ल्यावर, छातीवर कधीच नाही. गर्भाशय आहे म्हणून सोबत रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, नाहीतर नुसत्या इस्ट्रोजेनने आतलं अस्तर वाढत राहतं. त्या कॅप्सूलने थोडी गुंगीही येते, म्हणून ती झोपतानाच घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी झोपले आणि उठले ती दूधवाल्याच्या बेलनेच. नवरा बेडरूमच्या दारात उभा राहून बघत होता, ठीक आहे ना ही म्हणून.

कॅन्सरचं म्हणाल, तर ही भीती बरीचशी 2002 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आली. त्यात बायकांना गोळ्या दिल्या होत्या, पॅच नव्हता, आणि बायकांचं सरासरी वय 63 होतं. दोन्ही हार्मोन घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला आठ जास्त जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, 30 च्या जागी 38. आठ म्हणजे शून्य नाही, मान्य. वर्षानुवर्षं घेतलं की धोका वाढतो, हेही डॉक्टरांनी मला सांगितलंय. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या, गुठळ्यांचा त्रास झालेल्या, कारण न कळता अंगावरून रक्त जाणाऱ्या बाईने हे मनाने लावू नये. पण पॅचमधलं औषध कातडीतून थेट रक्तात जातं, आधी यकृतातून जात नाही, म्हणून गुठळ्यांची भीती गोळीपेक्षा कमी. हे त्या खोलीत एकीलाही ऐकायचं नव्हतं.

आणि पॅच म्हणजे जादू नाही, हेही लिहिते. माझ्या एका मैत्रिणीला पॅचखाली लाल चट्टे उठले, ती त्याऐवजी हार्मोनचं जेल लावते. दुसरीचा घाम थांबला पण झोप नाहीच आली. शेवटी कळलं, तिला घोरताना श्वास अडकण्याचा त्रास होता, पाळी गेल्यावर तोही वाढतो. तिसरीने स्तन दुखतात म्हणून महिन्यात सोडला आणि तिचं तसंही बरं चाललंय. माझाही मे महिन्यात घामाने सुटायचा. नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावलं आणि पॅच उटण्याबरोबर न्हाणीत गेला. आता अभ्यंग झाल्यावर, अंग कोरडं करून नवा लावते. गोंदाची काळी कड राहते ती खोबरेल तेलाने निघते.

जाऊबाईंवर मघाशी फार चिडले होते. लिहिता लिहिता आठवलं, त्या स्वतः गेली दोन वर्षं प्रत्येक कार्यात पदराने वारा घेत खिडकीशी बसतात. आजही तिथेच बसल्या होत्या. उद्या त्यांना फोन करीन. वाद घालायला नाही.

घरी येताना रिक्षात आई काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, दाखव बघू. मी दाखवला. तिने बोट लावून पाहिलं. "एवढासाच?"

मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "ह्यांना वाटायचं मी रागावलेय."

"मलाही तसंच वाटायचं, आई."

"तुला किती वाजता जाग यायची?"

"अडीच."

"माझंही अडीचच," ती म्हणाली, आणि माझा पदर नीट करून झोपायला गेली.