चरख्याचा फोटो नको, सुताची लड दाखवा

दोन ऑक्टोबर आला की चरख्यामागे बसून फोटो काढायची लाट येते. चाक फिरतंय, पण चातीवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी सळईवर) सूत नाही आणि हातात पेळूही (पिंजलेल्या कापसाची वळीही) नाही. खाली ओळ असते, ‘हातकाम हाच प्रतिकार’. हे वाक्य पटतं म्हणूनच चिडचिड होते. चरखा खरोखर प्रतिकार होता तेव्हा त्याचा हिशेब वारात (एक वार म्हणजे तीन फूट) आणि तोळ्यात होत होता.

डिसेंबर १९२४, बेळगाव अधिवेशन. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते तेवढे एकदाच. तिथे सभासदत्वाची वर्गणी चार आण्यांऐवजी सुतात ठरली, महिना २००० वार. पळवाटही तिथेच ठेवली होती: आजारी असाल किंवा कातायची इच्छाच नसेल, तर दुसऱ्याने कातलेलं सूत चालेल. इच्छाच नसेल तर! मग व्हायचं तेच झालं, विकतचं सूत जमा होऊ लागलं आणि सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला चार आण्यांचा पर्याय परत आला.

२००० वार हे काही अचाट काम नव्हे. ८४० वारांची एक लड, आणि एका पौंडात जितक्या लडी बसतात तितका सुताचा नंबर. २० नंबरचं २००० वार सूत जेमतेम ५४ ग्रॅम भरतं. रोज अर्धा तास बसलं तर थोडाफार हात बसलेला माणूसही महिन्यात ते काढतो. सरावाच्या हाताला सात तास पुरतात. पण त्याचं कापड किती होतं? ३६ इंच पन्हा, इंचाला ४० उभे आणि ३६ आडवे धागे धरा. एका वाराला १४४० वार ताणा (उभे धागे) आणि १२९६ वार बाणा (आडवे धागे), म्हणजे २७३६ वार. महिनाभराची वर्गणी वारभर कापडालाही पुरत नाही. हा हिशेब चरखा संघाला, म्हणजे गांधीजींच्या खादीसंस्थेला, चांगलाच ठाऊक होता. म्हणून १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं: आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघालं पाहिजे आणि किंमत १५० रुपयांच्या वर जाता कामा नये. ते कुणालाच मिळालं नाही.

रवींद्रनाथांचा १९२५ मधला आक्षेप असा होता की एकच एक फेरा घालत राहिल्याने बुद्धीला गंज चढतो. उजव्या हातापुरतं ते खरं आहे, चाक फिरवायला डोकं लागत नाही. कला असते डाव्या हातात. पेळू अंगठा आणि बोटांत नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. दाबला की तंतू सुटत नाहीत आणि धागा तुटतो. धागा चातीच्या टोकावरून तिरका सुटला पाहिजे, म्हणजे चातीच्या दर फेऱ्याला टोकावरून घसरून एक पीळ बसतो. हात पुरता मागे गेला की ओढणं थांबवून दोनतीन फेरे जादा द्यायचे, चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे, मग धागा काटकोनात आणून गुंडाळायचा. हे उलटं फिरवणं विसरलं की टोकाशी गुंता ठरलेला. चातीला केसभर बाक असला तरी धागा दर फेऱ्याला हिसका खातो. माळ (चाक आणि चातीला जोडणारी दोरी) ढिली असेल तर चाक फिरतं, पण चाती मागे राहते आणि पीळ कच्चा पडतो. पावसाळ्यात पेळू दमट होतात, तंतू सुटेनात की लोक चरख्याला शिव्या देतात. खरं तर पिंजून दोनचार दिवसांत पेळू संपवावेत, ते दाबून साठवून ठेवू नयेत.

आणि इथे सगळ्यांत मोठी अडचण येते, ती विणकराची. त्या काळातही विणकर हातसुताला नाक मुरडत, आणि बरोबरच करत. गिरणीचं सूत सारखं असतं; हातसूत कुठे दोरीएवढं, कुठे केसाएवढं. ताण्यात असा धागा गेला की मागाच्या फणीत तुटतो, विणकराचा वेळ गाठी मारण्यात जातो आणि मजुरी मिळते वाराप्रमाणे. म्हणजे सत्याग्रहींच्या आळसाचा भुर्दंड विणकराच्या घरावर. ‘जमेल तसं काता, भावना महत्त्वाची’ म्हणणाऱ्यांनी एकदा मागावर बसून पाहावं.

ध्वजसंहितेत ३० डिसेंबर २०२१ ला बदल होऊन पॉलिस्टरचे, यंत्रावर विणलेले झेंडेही चालू लागले. तेव्हा संतापाच्या पोस्टींचा पूर आला होता. संताप रास्तच होता, पण नांदेडला खादीचे झेंडे तयार होतात हे त्यातल्या कितीजणांना माहीत होतं, कोण जाणे.

तेव्हा निषेध म्हणून सूतकताईची कार्यशाळा भरवायची असेल तर आधी विणकर गाठा, चरखे मागाहून. त्याला मजुरी दिवसाप्रमाणे कबूल करा, वाराप्रमाणे नको. नवशिक्यांचं सूत बाण्यालाच वापरा. ताणा जाणत्या हाताचा घ्या आणि त्याला खळ (पिठाची कांजी) नीट बसू द्या. वीस जण रोज अर्धा तास, तासाला शंभर वारांच्या वेगाने बसले तर दिवसाला हजार वार होतात, त्यातला दहावा हिस्सा तुटफूट धरा. प्रत्येकाची लड वेगळी ठेवून चिठ्ठी बांधा आणि फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या चौकटीवर) घेतानाच जाड-बारीक वेगळं करा. मागावर चढल्यावर ते निवडता येत नाही.