व्हिनेगर, सोडा आणि फॉइलचे गोळे : त्या फॉरवर्डला उत्तर

आत्याने घरच्या ग्रुपवर परवा तो मेसेज तिसऱ्यांदा टाकला. तुमच्याकडेही आला असेल. "कपड्यांचा सॉफ्टनर म्हणजे बाटलीबंद विष! त्याऐवजी अर्धा कप पांढरं व्हिनेगर, दोन चमचे खायचा सोडा आणि झाकणभर केसांचा कंडिशनर एकत्र करून शेवटच्या पाण्यात घाला. 100 टक्के नैसर्गिक, केमिकलमुक्त. ड्रायरमध्ये फॉइलचे दोन गोळे टाका, कपड्यांतली वीज निघून जाईल. सुती कपड्यांना तांदळाची पेज द्या, मऊसूत होतील." खाली जोडलेले हात आणि 'प्रत्येक गृहिणीपर्यंत पोचवा'.

माझ्यापर्यंत पोचला. सामान घरातच होतं, म्हणून रविवारी करून पाहिलं.

आधी व्हिनेगर आणि सोडा. पातेल्यात एकत्र केले तर फेस थेट ओट्यावर. बघायला मजा येते, पण हिशोब मांडा. अर्धा कप म्हणजे साधारण 120 मिली. बाजारातल्या 5 टक्केवाल्या व्हिनेगरमध्ये तेवढ्यात 6 ग्रॅम अ‍ॅसिटिक आम्ल असतं, आणि ते पुरतं मारायला सुमारे साडेआठ ग्रॅम खायचा सोडा लागतो. चहाचे दोन सपाट चमचे सोडा म्हणजे जवळपास तेवढाच! ज्याने कुणी हे प्रमाण काढलं त्याने नकळत दोघांनाही अगदी मापात संपवलंय. कार्बन डायऑक्साइड फसफसून उडून गेला, खाली उरलं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. त्यात ना आंबटपणा, ना सोड्याचा गुण. कपड्यांना त्याचं काही देणंघेणं नाही.

नुसतं व्हिनेगर मात्र अगदीच वाया जात नाही, हे कबूल करते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं. जड पाण्यातले क्षार आणि साबणाचा राहिलेला अंश टॉवेलात बसतो आणि टॉवेल पापडासारखा होतो. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं की ते क्षार सुटतात, टॉवेल जरा माणसात येतो. पण हा झाला मऊपणा. कपड्यातून चटचट ठिणग्या उडणं हे वेगळं दुखणं आहे आणि मेसेजने दोन्ही एकाच पोत्यात भरलीत.

आता कंडिशनर, आणि इथे खरी गंमत आहे. बाटली उलटी करून घटक वाचा. बहुतेकांवर सेट्रिमोनियम क्लोराइड किंवा बेहेनट्रायमोनियम क्लोराइड असं काहीतरी सापडेल. या पदार्थांच्या रेणूचं डोकं धन भाराचं असतं आणि मागे चरबीची लांब शेपटी. डोकं धाग्याला चिकटतं, शेपटी बाहेर राहते, म्हणून हाताला गुळगुळीत लागतं. त्या थरात थोडा ओलावा टिकतो, त्यातून भार निसटतो आणि वीज साठत नाही. सॉफ्टनर हेच करतो, याच घराण्यातल्या रसायनांनी. म्हणजे ज्याला वर विष म्हटलं, त्याचाच चुलतभाऊ खाली 'केमिकलमुक्त' म्हणून बादलीत ओतायचा. तिन्ही जिनसांत काम करणारा तेवढा एकच. शिवाय कंडिशनर केसांसाठी घट्ट केलेला असतो. मशीनच्या खणात ओतलात तर तो तिथेच लोण्यासारखा बसून राहतो. माझ्या खणातून तो जुन्या टूथब्रशने काढायला अर्धा तास लागला.

फॉइलच्या गोळ्यांचा सगळा घोटाळा एका शब्दाचा आहे. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबाला ड्रायर म्हणतात. तो कपडे गरगरा फिरवून पाणी काढतो, वाळवत नाही. कपडे ओलसरच निघतात आणि दोरीवर जातात. ओल्या कपड्यात वीज साठायला जागाच नसते, मग गोळ्याने काढायची कुठली? मी टाकला तर पहिल्याच झपाट्यात तो टबाच्या भिंतीला जाऊन चिकटला, खडखड वाजला आणि चपटा होऊन बाहेर आला, एका बाजूला उशीच्या अभ्र्याचा दोरा अडकवून.

मेसेज मुळात लिहिला गेला तो अमेरिकेतल्या ड्रायरसाठी. तिथे ड्रायर म्हणजे गरम हवेत कपडे एकमेकांवर आपटत, घासत, खडखडीत कोरडे होईपर्यंत लोळवणारं यंत्र. माझी नणंद मिनियापोलिसला असते. जानेवारीत तिच्याकडे बाहेर बर्फ आणि घरात हीटरची कोरडी हवा. ड्रायरमधून काढलेल्या स्वेटरच्या पाठीला मोजा चिकटलेला, तो ओढला की चर्रर्र. तिने गोळे वर्षभर वापरले. धातू आहे, कपड्यांमधला भार थोडा इकडून तिकडे करत असेल, पण धाग्यात ओलावा घालणं त्याच्या हातात नाही. तिला फरक पडला तो दोन गोष्टींनी: पॉलिएस्टरचे कपडे वेगळे काढून दोरीवर घालणं, आणि सुती कपडे किंचित दमट असतानाच ड्रायर बंद करणं.

कारण सगळा खेळ ओलाव्याचा आहे. साधारण दमट हवेत, म्हणजे 65 टक्के आर्द्रतेला, सुती धागा वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो, लोकर त्याच्या जवळपास दुप्पट, नायलॉन 4 टक्के आणि पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. पाणी आहे तिथून भार वाहून जातो, नाही तिथे साचतो. आणि हाताला जाणवण्याइतका चटका बसतो म्हणजे अंगावर तीनेक हजार व्होल्ट साचलेले असतात. प्रवाह क्षणभराचा आणि त्यातली ऊर्जा नगण्य, म्हणून आपण फक्त "आई गं" म्हणतो.

म्हणूनच मुंबईत, कोकणात, गोव्यात हा विषय फारसा निघत नाही. पुण्यात तो थंडीत निघतो. नागपुरात मे महिन्यातही, कारण तिथली दुपारची आर्द्रता 20-25 टक्क्यांवर आलेली असते. श्रावणात तर कुणाचेच कपडे ठिणग्या टाकत नाहीत, तेव्हा ते वाळले तरी पुरे. म्हणजे दोरीवर कपडे घालणाऱ्या घरात ही वीज धुण्यातून येतच नाही, कपडे अंगावर चढवताना आणि वावरताना येते. जॉर्जेटची साडी पायांना चिकटून चालणं मुश्कील करते तेव्हा आतला परकर बघा, बहुधा सॅटिनचा नाहीतर ताणणारा पॉलिएस्टरचा असतो. सुती परकर घाला, कोरड्या पायांना मॉइश्चरायझर लावा, ओला हात झटकून निऱ्यांवरून फिरवा. हे तीन उपाय माझ्या आईलाही माहीत होते, फक्त मॉइश्चरायझरच्या जागी खोबरेल होतं.

पेजेबद्दल काय बोलू! पेज म्हणजे खळ. आजी नऊवारीला खळ देत असे ती साडी कडक व्हावी म्हणून. मऊपणासाठी पेज सांगणाऱ्याने आयुष्यात खळीची साडी हातात धरलेली नाही.

राहिलं 'विष'. कुठला घटक, किती प्रमाणात, कशाने काय होतं, यातलं मेसेजमध्ये काहीच नाही. सॉफ्टनरचे खरे तोटे साधे आहेत. टॉवेल पाणी टिपत नाही. खेळाचे कपडे आणि मायक्रोफायबरची फडकी यांचं काम बिघडतं. सुगंधाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, तान्ह्या बाळाच्या कपड्यांना तर तो नकोच. अमेरिकेत लहान मुलांच्या, सहज आग न पकडणाऱ्या रात्रीच्या कपड्यांवर सॉफ्टनर वापरू नका अशी सूचनाच असते. एवढं पुरेसं आहे की न वापरायला. मीही क्वचितच वापरते. कपडे दोनदा जोरात झटकून वाळत घालते, त्याने बराच कडकपणा जातो.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर ठळक करून लिहिली, कारण मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही. पांढऱ्या कपड्यांना क्लोरीनचं ब्लीच घातलं असेल तर त्याच पाण्यात व्हिनेगर घालायचं नाही. आम्ल मिळालं की त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो. नैसर्गिक उपायांच्या त्या यादीत खरोखर विषारी होण्याची शक्यता आहे ती इथे.

आत्याचं उत्तर रात्री आलं. "बरं बाई, पण मी दोन लिटर व्हिनेगर आणून ठेवलंय, त्याचं काय करू?"

मी लिहिलं, मिरच्या घाल.