'जाऊ द्या, इथंच मिटवून टाका' म्हणणाऱ्यांसाठी

आपल्या इंदूरात गाडी ठोकली की दोन मिनिटांत पंधरा-वीस माणसं गोळा होतात आणि त्यातला एक तरी 'भिया ले-दे के निपटाओ, थाने के चक्कर में मत पड़ो' म्हणतोच. मग बंपरचे किती, इंडिकेटरचे किती अशी घासाघीस सुरू, आणि जो पडलाय तो बिचारा डिव्हायडरवर बसलेला, कोणीतरी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिलेली. मला ह्या मिटवामिटवीचा भयंकर राग येतो. नुसता ओरखडा असेल, कोणी पडलंच नसेल तर खुशाल मिटवा, पण माणूस पडला असेल तर नाही म्हणजे नाही.

मागच्या पावसाळ्यात राऊकडे जाताना एबी रोडवर आमच्या समोरच्या काकांच्या कारला एक दूधवाला धडकला, म्हणजे चूक कोणाची ते अजूनही ठरलेलं नाही. कॅन आडवा, दूध रस्त्यावर, त्याच्या एकाच पायात चप्पल, कोपर सोललेलं, आणि तो म्हणतोय 'कुछ नहीं हुआ बाबूजी'. काकांनी दोन हजार दिले, त्यानं बाइकला किक मारली, गेला. रात्री पोटात कळा, दवाखान्यात कळलं की आत रक्तस्राव होतोय, प्लीहेला, म्हणजे पोटात डावीकडे वर असते त्या पाणथरीला, मार बसलाय. अपघातानंतर शरीर इतकं चेतलेलं असतं की दुखणं तासन्तास कळत नाही, त्यामुळे 'मला काही झालं नाही' ह्यावर कधीच विश्वास ठेवू नका, दुसऱ्याच्याही नाही आणि स्वतःच्याही नाही. तो वाचला देवाच्या कृपेनं. पण रिपोर्ट नाही, फोटो नाही, साक्षीदार नाही, नंबर कोणी लिहून घेतला नाही, मग भरपाई मागायची कुठल्या तोंडानं? आणि काका आपले महिनाभर दाराची बेल वाजली तरी दचकायचे.

आणि ती पाण्याची बाटली पण बंद करा हो. ऑपरेशन करावं लागलं तर पोटात काही नको असतं, आणि अर्धवट शुद्धीत पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. मान-पाठीला लागलंय असं वाटलं तर ओढून उठवू नका, हेल्मेट खेचू नका, १०८ लावा नाहीतर ११२, नॅशनल हायवेवर असाल तर तिथली हेल्पलाइन १०३३.

पोलिसांची भीती मला कळते, आपले आईवडील त्याच भीतीत वाढले. पण २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं आणि मग २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात स्पष्ट झालंय की मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, दवाखानाही त्याला अडकवून ठेवू शकत नाही. मे २०२५ पासून तर रस्ता अपघातातल्या जखमीला ठरवलेल्या दवाखान्यांत दीड लाखापर्यंत, सात दिवसांपर्यंत कॅशलेस उपचाराची योजना आहे. ही गोष्ट मी ज्याला सांगते तो 'हो का?' म्हणतो. अपघात केलेल्या ड्रायव्हरला मात्र सूट नाही, त्यानं जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, कायदाच आहे तसा.

आता जे 'आपलंच नुकसान होईल' म्हणून मिटवतात त्यांच्यासाठी. तुमच्या गाडीची पॉलिसी कधी उघडून बघितलीय का? त्यात एक अट असते, कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैशांचं वचन द्यायचं नाही. म्हणजे रस्त्यात नोटा काढून तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय. त्यापेक्षा गाडी हलवायच्या आधी फोटो काढा, लांबून एक ज्यात रस्ता आणि दोन्ही गाड्या दिसतील, जवळून नंबर प्लेटा, मग हजार्ड लाइट लावून बाजूला घ्या, एखाद्या दुकानदाराचा मोबाइल नंबर मागून घ्या, कंपनीला त्याच दिवशी फोन करा. आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसान बघायला येणारा कंपनीचा माणूस, येऊन जाईपर्यंत गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका, तो 'कल तक चकाचक कर दूंगा' म्हणेल तरी.

छोटा डेंट असेल तर क्लेम न केलेलाच बरा, हेही खरं. पहिलं वर्ष क्लेमविना गेलं की वीस टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात तेवढी सूट, पाच वर्षांनी पन्नास, आणि एका डेंटपायी तो शून्य होतो. पण हा हिशोब घरी चहा पीत करायचा असतो हो, भंवरकुआं चौकात हॉर्नच्या गोंगाटात नाही.

अजून एक, पॉलिसी काढताना मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघाती कव्हर बहुतेक सगळे घेतात पण घरच्यांना ते माहीतच नसतं. आज बायकोला, नवऱ्याला, पोरांना सांगून ठेवा, आणि पॉलिसीचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये टाका, तुमच्याच नको फक्त.