रोमचा टंच आणि डॉलरचा टंच

अमेरिकेत काही बिनसलं की दोन दिवसांत 'हे आजचं रोम, आता बुडणार' अशी पोस्ट फिरायला लागते. कारणंही ठरलेली: विलासात लोळणारे सम्राट, शिशाच्या नळांचं पाणी, रोम जळताना सम्राट निरोनं वाजवलेली फिडल. (फिडल हे वाद्य तेव्हा नव्हतंच, पण असो.) चैनीनं राज्य बुडत असतं तर रोम पहिला सम्राट ऑगस्टस याच्या पतवंडांच्या काळातच बुडालं असतं. प्रत्यक्षात पश्चिमेत ते त्यानंतर चारशे वर्षं चाललं आणि पूर्वेत थेट १४५३ पर्यंत.

रोम समजून घ्यायला कोल्हापूरकरांना जवळची वाट चांदीच्या दागिन्यांच्या हुपरी गावावरून आहे. पैंजण कितीही देखणं असू दे, व्यवहार एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो: टंच किती? शेकड्यात चांदी किती आणि भेसळ किती. हाच प्रश्न रोमच्या नाण्याला विचारला की तीनशे वर्षांची खातेवही समोर उघडते.

ऑगस्टसच्या वेळी एका रोमन पौंडातून, म्हणजे सुमारे ३२७ ग्रॅममधून, डिनेरियस नावाची चांदीची ८४ नाणी पाडायचे. एक नाणं ३.९ ग्रॅमचं, टंच ९८ च्या आसपास. इ.स. ६४ मध्ये निरोनं त्याच पौंडात ९६ नाणी बसवली आणि टंच ८० च्या घरात आणला. वजनातही मारलं, टंचातही मारलं. नाण्यातली चांदी ३.८ ग्रॅमवरून २.७ वर आली, किंमत मात्र तीच. पुढं थोडी सुधारणा, पुन्हा घसरण, असं करत सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात टंच निम्म्यावर आला. २१५ मध्ये कॅराकॅलानं अँटोनिनियानस नावाचं नवं नाणं काढलं: किंमत दोन डिनेरियसची, आत चांदी जेमतेम दीड डिनेरियसची. २६८ मध्ये गॅलिएनस मेला तेव्हा टंच पाचाच्याही खाली होता.

एवढी भेसळ लोकांना दिसत कशी नव्हती? कारागिराला हे सांगायला नको. तांबं मिसळलेली चकती तापवली की वरच्या थरातलं तांबं काळं पडतं. ती आम्लात टाकली की ते काळं विरघळून जातं आणि वर जवळजवळ चोख चांदी उरते. मग ठसा मारायचा. बाहेरून नाणं पांढरंशुभ्र, आतून लालसर. रोमच्या टांकसाळी हा उजळा इतका सफाईनं द्यायच्या की विसाव्या शतकातले संशोधकसुद्धा फसले. नुसता वरचा थर तपासला की टंच जास्त भरायचा. कडेनं बारीक भोक पाडून आतला कीस काढला तेव्हा खरा आकडा हाती आला. हुपरीत कुणी वरचा पापुद्रा बघून टंच सांगायला लागला तर त्याला कुणी चहासुद्धा विचारणार नाही.

आपले त्या काळचे व्यापारीही फसले नाहीत. भारतीय मालापायी दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स, म्हणजे सव्वा कोटी डिनेरियस, बाहेर जातात अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार आहे. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या साठ्यांत मोठा भरणा ऑगस्टस आणि टायबेरियसच्या नाण्यांचा. निरोनंतरची चांदी अगदी तुरळक. जुना माल ठेवला, नवा नाकारला. राणीछाप रुपया आजही जपला जातो, तो याच हिशेबानं: ११.६६ ग्रॅम वजन, ९१.७ टक्के चांदी. १९४० मध्ये इंग्रजांनी ती ५० टक्क्यांवर आणली, १९४७ चा रुपया तर निकेलचाच. (रोमच्या या व्यापाराची खूण बघायला लांब जायला नको. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्राचा देव, सापडला पंचगंगेकाठी.)

भेसळ का करावी लागली, हे खरं दुखणं. ऑगस्टसच्या वेळी शिपायाला वर्षाला २२५ डिनेरियस मिळायचे, डोमिशियननं ते ३०० केले, सेव्हेरसनं आणखी वाढवले, कॅराकॅलानं त्यावर पुन्हा वाढ दिली. त्या एका वाढीचा बोजा वर्षाला ७ कोटी डिनेरियस, असं रोमन इतिहासकार डिओ लिहितो. सैन्यानंच गादीवर बसवलं, तर सैन्याला नाही कोण म्हणणार? १९३ मध्ये तर सम्राटाच्या अंगरक्षकांनी साम्राज्याचा चक्क लिलाव केला होता. दुसरीकडं १६५ पासून साथीनं माणसं मेली आणि स्पेनच्या खाणींचं उत्पन्न घटलं. आणि मुख्य अडचण: रोमला कर्ज काढायची सोय नव्हती. सरकारी रोखे नाहीत, ते विकायला बाजार नाही. खर्च वाढला, चांदी तेवढीच. मग तांबं घालून पुन्हा आटणी.

शेवट कसा दिसतो, त्याचा एक कागद इजिप्तमध्ये सापडलाय. इ.स. २६०, गाव ऑक्सिरिंकस. सराफांनी पेढ्या बंद केल्या, कारण सम्राटाचं नाणं घ्यायचं नव्हतं. अधिकाऱ्यानं हुकूम काढला: पेढ्या उघडा, खोटं नाणं सोडून बाकी सगळी नाणी घ्या, नाहीतर दंड. नाणं घ्यायला हुकूम काढावा लागला, तिथंच त्याची खरी किंमत कळली. नंतर डायोक्लिशियननं ३०१ मध्ये हजारावर वस्तूंचे कमाल भाव बांधून दिले आणि मोडणाऱ्याला मृत्युदंड ठेवला. माल बाजारातून गायब झाला. खुद्द सरकार तर कराचा मोठा भाग धान्यात आणि कापडातच घेत होतं.

आता अमेरिका. १९६५ पर्यंत त्यांच्या डाइम आणि क्वार्टर या नाण्यांमध्ये ९० टक्के चांदी होती. त्या वर्षी कायदा झाला आणि तांबं-निकेल आलं. १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सननं ३५ डॉलरला औंसभर सोनं द्यायचं वचन मोडलं. तेव्हापासून डॉलरला धातूचा टंचच नाही. त्याचा टंच म्हणजे कर्जाचा व्याजदर: भरवसा घटला की तो चढतो. २०२५ मध्ये त्यांचं कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या वर गेलं आणि २०२४ च्या आर्थिक वर्षातच नुसतं व्याज संरक्षणाच्या खर्चापेक्षा जास्त झालं. रोमला सैन्य जड झालं होतं, यांना आता उसनवारी सैन्यापेक्षा जड झालीय. २०११, २०२३ आणि २०२५, असं कर्जदाराची पत जोखणाऱ्या तिन्ही मोठ्या संस्थांनी त्यांचं मानांकन एकेक पायरी उतरवलं.

तरीही 'बुडणार' ही घाई मला पटत नाही. ज्या चलनात कर्ज, ते चलन त्यांचंच, आणि रोखे घ्यायला अख्खं जग दारात. रोमकडं हे काहीच नव्हतं. शिवाय बिघडलेलं नाणं सुधारता येतं, हेही रोमनंच दाखवलं: पुढं सम्राट कॉन्स्टंटाइननं पौंडाला ७२ या हिशेबानं सोन्याचा सॉलिडस काढला आणि पूर्वेच्या साम्राज्यानं तो सातशे वर्षं जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. त्यामुळं तुलना करायचीच तर पश्चिमेचं रोम बुडालं त्या ४७६ सालाशी नको. माझ्या मते अमेरिका निरोच्या पुढं आणि सेव्हेरसच्या बरीच अलीकडं आहे. निरोपासून ऑक्सिरिंकसच्या त्या हुकुमापर्यंत १९६ वर्षं गेली होती.

अमेरिकेत कोण काय बोललं यापेक्षा मी त्यांच्या दहा वर्षांच्या रोख्याचा व्याजदर बघतो, आणि बाकीचे देश गंगाजळीत काय ठेवतात ते बघतो. २००० च्या सुमारास जगाच्या परकी चलनसाठ्यात डॉलर ७० टक्क्यांच्या वर होता, २०२४ मध्ये ५८ च्या आसपास. २०२२ मध्ये रशियाचा साठा गोठवला गेला, आणि तेव्हापासून सलग तीन वर्षं मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांच्या वर सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेनंही २०२४ मध्ये इंग्लंडात ठेवलेलं सुमारे १०० टन सोनं घरी आणलं. राणीछाप बाजूला काढून ठेवण्यातलाच हा प्रकार. पेढी मात्र अजून कुणी बंद केलेली नाही. तेलाचे सौदे बहुतेक डॉलरमध्येच होतात, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीतलं कास्टिंग परदेशी निघालं की त्याचं बिलही बहुतेक वेळा डॉलरमध्येच बनतं.